छोट्या पिकअपकडून जास्त काम घेताना: कमी खर्चातील सुधारणा आणि टाळायचे बदल

टोमॅटो, फ्लॉवर, डाळिंब, फुले बाजारात पोचवण्यासाठी आज अनेक शेतकऱ्यांकडे स्वतःची छोटी मालवाहू गाडी आहे. २००५ मध्ये टाटा एस आली आणि ‘छोटा हत्ती’ हा शब्द गावोगावी रुळला. त्या पहिल्या गाडीचे डिझेल इंजिन ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि जेमतेम १६ अश्वशक्तीचे होते. आजच्या गाड्या त्याहून ताकदवान आहेत, तरी तक्रार तीच ऐकू येते: “साहेब, गाडीला पिकअप नाही, चढाला दम तोडते.” त्यावर उपाय म्हणून जादा पाटे टाकले जातात, मोठे टायर बसवले जातात, कोणी इंजिनाची सेटिंग बदलून आणतो. मी कृषी पदवीधर, मिस्त्री नव्हे. पण काढणीपश्चात नुकसान पाहताना शेतात चांगला असलेला माल बाजारात दबलेला का निघतो, याचे उत्तर बऱ्याचदा गाडीखाली वाकून पाहिल्यावर मिळते.

आधी गाडीचे खरे वजन समजून घ्या

गाडीच्या आरसी पुस्तकावर रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे वजन दिलेले असते. त्यातील फरक म्हणजे सगळाच माल नव्हे. समजा, भरलेल्या गाडीची मर्यादा १,६०० किलो आणि रिकामे वजन ८६० किलो आहे. उरले ७४० किलो. त्यात चालक आणि सोबतचा माणूस यांचे १३० किलो, नंतर बसवलेली लोखंडी जाळी, पाना-जॅक आणि ताडपत्रीचे ६० किलो धरा. मालासाठी राहिले ५५० किलो. टोमॅटोचा भरलेला क्रेट २२ किलोचा धरला तर २५ क्रेट. प्रत्यक्षात ४० क्रेट भरले की वर ३३० किलो जातात आणि मग गाडी ओढत नाही म्हणून इंजिनाला दोष दिला जातो.

एकदा रिकामी गाडी, जाळीसह, वजनकाट्यावर उभी करा. पुस्तकातला आणि काट्यावरचा आकडा यात किती फरक आहे ते कळेल. जड लोखंडी साइड काढून हलकी जाळी लावली तर वाचलेले वजन दर खेपेला माल म्हणून नेता येते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनासाठी २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत. बाजारात भाव पडलेला असेल तर एका दंडात पाच-सहा खेपांची पट्टी जाते.

पहिला खर्च: हवा, गाळणी आणि कूलंट

टायरमध्ये हवा कमी असली की गाडी ओढताना जड होते, डिझेल जास्त लागते आणि टायरच्या कडा झिजतात. चालकाच्या दारावर किंवा पुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा दाब दिलेला असतो. तो टायर थंड असताना तपासावा. वीस किलोमीटर पळवून गरम टायरची हवा मोजली तर आकडा फुगलेला दिसतो. स्वतःचा हवा मोजण्याचा गेज घ्यावा. या यादीतला हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे.

हवेची गाळणी म्हणजे एअर फिल्टर. मळणीचा हंगाम, खडीचा रस्ता, वीटभट्टीचा परिसर असेल तर कंपनीने दिलेल्या मुदतीच्या आधीच तो तपासावा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारून कागदी फिल्टर फाटतो आणि फाटलेला फिल्टर हा तुंबलेल्यापेक्षा वाईट. गाडीचा आवाज भारदस्त करणारे उघडे फिल्टर आपल्या धुळीत लावू नयेत. बारीक धूळ आत जाऊन रिंगा झिजतात आणि गाडी तेल खाऊ लागते.

शेतावर पंपासाठी कॅनमध्ये ठेवलेले डिझेल गाडीत ओतण्याची सवय अनेकांना आहे. अशा डिझेलमध्ये पाणी आणि गंज उतरतो. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी सोडावे, फिल्टर मुदतीत बदलावा.

रेडिएटरची गोष्ट तर आपल्याला चांगली कळायला हवी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ठिबकचे ड्रिपर तुंबतात, तेच पाणी रेडिएटरमध्ये घातले तर बारीक नळ्यांत तोच पांढरा थर बसतो. मग घाटात काटा वर चढतो. पुस्तिकेत सांगितलेला कूलंटच वापरावा. रेडिएटरच्या बाहेरच्या पात्यांत अडकलेला भुसा इंजिन थंड असताना हलक्या पाण्याने आतून बाहेर धुवावा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

एवढे झाल्यावर क्लच, व्हील अलाइनमेंट आणि ब्रेक कुठे घासत राहतात का, हे पाहून घ्यावे. हाताने फिरवल्यावर चाक अडत असेल तर इंजिनाची काही ताकद तिथेच जाते.

जादा पाटे: सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवा बदल

मागून गाडी बसते म्हणून एक-दोन कमानपाटे वाढवले जातात. गाडी उंच दिसते, पण अ‍ॅक्सल, चासी, बेअरिंग आणि ब्रेक तेवढेच राहतात. ते किती वजन सोसतील हे पाट्याने ठरत नाही.

दुसरी अडचण मालाची. कडक पाट्यांवर अर्धी भरलेली गाडी जास्त उसळते. हौद्याच्या मागच्या भागातील आणि वरच्या थरातील क्रेटना हा हादरा सर्वाधिक बसतो. जुन्नर भागातील एका शेतकऱ्याने मला दोन खेपांचे टोमॅटो दाखवले होते. प्लॉट एक, तोडणी एका दिवशी, क्रेटही तेच. जादा पाटे टाकलेल्या गाडीतून गेलेल्या मालाला मागच्या रांगेत साल घासल्याचे डाग आणि आतून मऊपणा होता. संध्याकाळपर्यंत तो कळत नाही, दुसऱ्या दिवशी व्यापारी दाखवतो.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काही पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला एक वॉल्व्ह असतो. गाडी मागून किती दबली त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवतो. पाटे वाढवल्यावर गाडी भरूनही दबत नाही, वॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. माळशेज घाट उतरताना ही चूक महागात पडते. तुमच्या गाडीत असा वॉल्व्ह आहे का, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारून घ्या.

गाडी बसत असेल तर आधी तुटलेला किंवा ताण गेलेला पाटा, झिजलेले बुश आणि गळके शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदला. बऱ्याच गाड्यांचे दुखणे तिथेच मिटते.

टायर आणि इंजिनाची सेटिंग

टायर बदलताना मूळ मापाचाच, पण वजन पेलण्याची क्षमता कंपनीने सांगितल्याएवढी किंवा जास्त असलेला घ्यावा. रेडियल टायर रस्त्यावर हलका चालतो. मात्र एकाच अ‍ॅक्सलवर रेडियल आणि साधा अशी जोडी लावू नये. ५ टक्के मोठ्या व्यासाचा टायर लावला तर चाकाशी मिळणारी ओढ जवळपास तेवढीच कमी होते. म्हणजे चढाला दम तोडणाऱ्या गाडीला मोठे टायर हा उलटा उपाय आहे.

इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे किंवा बीएस-६ गाडीचा सायलेन्सरमधील भाग काढून टाकणे, यापासून लांब राहा. वॉरंटी जाते, क्लच लवकर संपतो. कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढते. टर्बो इंजिन असेल तर चढ चढून आल्यावर एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावे.

माल भरण्याची पद्धत

जड क्रेट खाली आणि मागच्या चाकाच्या पुढे यावेत. मागे लोंबणारा माल पुढची चाके हलकी करतो, स्टिअरिंग हलके लागते आणि पुढचा ब्रेक घसरतो. क्रेट एकमेकांना घट्ट टेकवून बांधावेत; मधल्या फटीत पोती भरावीत. अर्धी गाडी न्यायची असेल तर माल पुढच्या बाजूला.

ताडपत्री क्रेटला चिकटवून बांधू नये. वर वीतभर जागा आणि समोरून हवा शिरायला वाट ठेवावी, नाहीतर आतला माल तापतो. शक्य असेल तर फिक्या रंगाची ताडपत्री घ्यावी. फडफडणारी ताडपत्री मात्र वारा धरते आणि डिझेल खाते, म्हणून दोऱ्या ताणून बांधाव्यात.

घाट उतरताना न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि जुने झाले की गरम ब्रेकवर दाब बसत नाही. पुस्तिकेतील मुदतीप्रमाणे ते बदलावे.

खत वाहिल्यावर हौदा त्याच दिवशी धुवावा. युरिया आणि पोटॅश पत्रा खातात. कीडनाशकांचे डबे आणि भाजी एका खेपेत नेऊ नयेत.

कोणताही बदल करण्याआधी आणि नंतर अ‍ॅव्हरेज मोजा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, त्याच रस्त्यावर साधारण तेवढ्याच वजनाच्या चार-पाच खेपा करा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. धावलेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. त्याच वहीत प्रत्येक खेपेला बाजूला काढलेले दबके क्रेट लिहिले तर पाटे, हवा आणि भरणी यांपैकी कशाने फरक पडला ते आपोआप दिसेल.