घरपट्टीपलीकडचा हिशेब

गाव महापालिकेत गेलं की घरमालक कराखाली भरडला जातो, हे मत पुण्याच्या वेशीवर आता वादापलीकडचं मानतात. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली, ३० जून २०२१ रोजी आणखी २३. त्यांपैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी वाढीव कराच्या ओरडीनंतर बाहेर काढली गेली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. यापेक्षा ठळक पुरावा तो कोणता, असं विचारलं जातं.

तक्रारीला आधार आहे. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि फार तर पाणीपट्टी. महापालिकेच्या बिलात सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, मलनिस्सारण, वर राज्य सरकारचा शिक्षण कर. दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि स्वतः राहणाऱ्याला ४० टक्क्यांची सवलतही आहे. तरी शेवटचा आकडा बोचतोच.

पण इथून ‘खर्च वाढला’ या निष्कर्षावर उडी मारणारे एकच पावती धरून बसतात. वाघोली, उंड्री, पिसोळी अशा समाविष्ट गावांतल्या सोसायटीची मेंटेनन्सची पावती पाहा. समजा शंभर फ्लॅट, रोज पाच टँकर, टँकरला हजार रुपये. महिन्याला दीड लाख, म्हणजे प्रत्येक घरामागे वर्षाला अठरा हजार. शिवाय सांडपाणी प्रकल्पाचं वीजबिल, कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराचे पैसे, पिण्यासाठी वेगळे जार. या रकमेला कोणी कर म्हणत नाही, तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. गावात राहणं स्वस्त होतं असं म्हणणाऱ्यांनी हा खर्च कधी मोजलाच नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, महापालिकेत आल्यावर तरी टँकर कुठे थांबले? आक्षेप बिनतोड आहे, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा तिथल्या नांदेड, किरकटवाडी या गावांकडे विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाताच नळाला येत असल्याचं उघड झालं. ही गावं महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं होऊन गेली होती. बिल पोहोचलं, जलवाहिनी पोहोचली नाही. या मधल्या काळात घरमालक दोन्हीकडे भरतो, वर कराचे आणि खाली टँकरचे. घर महाग होतं ते या दुहेरी भरण्यामुळे. नुसत्या दराकडे बोट दाखवून ते कळत नाही.

म्हणून २०२४ मध्ये राज्य सरकारने समाविष्ट गावांतल्या करवसुलीला दिलेली स्थगिती मला दुखण्यावरचा उपाय वाटत नाही. वसुली थांबली म्हणून टँकरवाल्याचं बिल थांबलं नाही. मागणी करायची तर मलनिस्सारण कर वाहिनी जोडल्याच्या तारखेपासून लावा, अशी करावी. मधल्या वर्षांत ती मांडायची तरी कुठे, हाही प्रश्नच होता. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या आणि मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक बसला. २३ गावांतल्या करदात्याला कर वाढताना ना सरपंच होता, ना नगरसेवक.