शिंदे, बायजाबाई

(१७८४–१८६३). ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची पत्नी व १८२७ ते १८३३ या काळात संस्थानची कारभारी राणी. जन्म कागलच्या (जि. कोल्हापूर) घाटगे घराण्यात. पुण्याच्या सावकारांकडून पैसा उकळून बदनाम झालेला सर्जेराव घाटगे हा तिचा बाप. विवाह पुण्यात, १७९८.

दौलतराव १८२७ मध्ये निपुत्रिक वारला. बायजाबाईने मुलगा दत्तक घेतला (दुसरा जनकोजी). पण कारभार आपल्याच हाती ठेवला. दोघांत बिनसले आणि १८३३ साली फौज जनकोजीकडे वळल्याने तिला ग्वाल्हेर सोडावे लागले. दोष कोणाकडे जातो, याविषयी एकमत नाही.

राज्य गेले, तरी दरबार मोडला नाही. १८३५ मध्ये फत्तेगडच्या छावणीत फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई तिच्या भेटीस गेली. पार्क्सच्या प्रवासवर्णनामुळे (१८५०) राज्यकारभारापेक्षा या जनान्याचाच तपशील अधिक मिळतो. गादीवर पिकल्या केसांची, किंचित स्थूल बायजाबाई. समोर शिंद्यांची तलवार. विधवा म्हणून अंगावर साधे तांबडे रेशमी लुगडे आणि सोन्याच्या दोन बारीक बांगड्या, एवढेच. हातपाय लहान व रेखीव, हसणे गोड. गप्पांचा विषय विधवांचे हाल. त्यावर पार्क्सने, इंग्रजी कायद्यात लग्नाची बायको नवऱ्याची गुलामच असते, असे सांगितले.

खरी मैफल घोड्यांची होती. दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसण्याची इंग्रजी तऱ्हा पाहून मराठा बायका चकित झाल्या: असे वाकडे बसायचे तरी कसे! मग पार्क्सने मराठा पोशाख करून पुरुषी बैठकीने घोडा उडवला. कासोट्याचे लुगडे घोड्यावर किती सोयीचे, हे इंग्रज वाचकांना यापूर्वी क्वचितच कोणी सांगितले असेल. बायजाबाईची नात गजराजा उत्तम घोडेस्वार होती. इंग्रज सेनापती वेलिंग्टनशी लढताना बायजाबाई हाती भाला व जवळ तान्हे मूल घेऊन फौजेच्या पुढे होती, ही पार्क्सने नोंदवलेली कथा दरबारी ऐकीव म्हणूनच घ्यावी.

काशीच्या ज्ञानवापी विहिरीवरील खांबांचा मंडप (१८२८) बायजाबाईने बांधविला. उज्जैनला तिची सावकारी होती.

उतारवयात ती ग्वाल्हेरला परतली. १८५८ मध्ये तात्या टोपे व झाशीच्या राणीने शहर घेतले, तेव्हा शिंद्यांच्या राण्यांना घेऊन ती नरवरला गेली. मृत्यू १८६३.