लग्नाला वर्ष उलटलं तरी दिवस राहत नाहीत? तपासणी दोघांचीही; कोणती, कधी आणि कशासाठी

मूल होत नाही म्हटलं की गावाकडे आधी सुनेलाच दवाखान्यात नेलं जातं. दोन-तीन वर्षं तिचीच औषधं चालतात आणि नवऱ्याची साधी तपासणीही झालेली नसते. डॉक्टरांच्या अनुभवानुसार जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं; कधी एकटं, तर कधी बाईच्या कारणासोबत. म्हणून पहिल्याच भेटीला दोघांनी मिळून जावं.

कधी जायचं?
कोणतंही गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. पाळी दोन-तीन महिने येत नसेल, आधी टीबी झाला असेल किंवा पुरुषाच्या अंडकोषाचं ऑपरेशन झालं असेल, तर वाट बघू नये.

पुरुषाची तपासणी
वीर्य तपासणी ही सर्वांत सोपी. सुई नाही, दुखत नाही.
- तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत.
- नमुना लॅबनं दिलेल्या डबीतच द्यावा, निरोधमध्ये नाही.
- घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवावा आणि डबी खिशात, अंगाजवळ ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यातले ४२ टक्के हालचाल करणारे, ही खालची मर्यादा धरतात. आकडा कमी आला म्हणून घाबरू नये. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मधल्या काळात मोठा ताप आला तरी आकडा घसरतो. म्हणून तपासणी पुन्हा करतात. रिपोर्ट 'शून्य' आला तरी कधी नळीतला अडथळा, कधी हार्मोनची कमतरता निघते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. तंबाखू, दारू आणि जिममधली स्टेरॉइडची इंजेक्शनं मात्र बंद करावीत.

बाईची तपासणी
पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरून तारीख लिहून ठेवावी. पुढचं सगळं त्यावरच चालतं.
- रक्त: थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन, गरजेनुसार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इतर हार्मोन.
- बीज फुटतं का: प्रोजेस्टेरॉनची तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करतात. २८ दिवसांची पाळी असेल तर २१ वा दिवस, ३५ दिवसांची असेल तर २८ वा.
- सोनोग्राफी: गर्भाशय, अंडाशय, गाठी दिसतात.
- एचएसजी: गर्भनलिका उघडी आहे का, हे औषध सोडून एक्स-रेवर बघतात. पाळी थांबल्यावर, बीज फुटायच्या आधी करतात. पोटात पाळीसारखी कळ येते, ती थोड्या वेळानं थांबते.

आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे गर्भाशयाचा टीबी हे एक मोठं कारण आहे. यात खोकला नसतो. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

फसवणूक टाळा
- वीर्य तपासणी झाल्याशिवाय बाईच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला घाई करू नये.
- टेस्ट ट्यूब बेबीचं केंद्र २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत हवं. नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागावं. या उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं.
- 'मुलगाच होईल' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. गर्भलिंगनिदान गुन्हा आहे.
- अंगारा-जडीबुटीत वर्षं घालवू नका. बाईच्या वयाबरोबर बीजं कमी होत जातात, ती परत येत नाहीत.

कुठे जायचं?
सुरुवात उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात करावी. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि पाळीच्या तारखा सोबत न्याव्यात. डॉक्टर बदलला तरी फाईल एकच ठेवावी, म्हणजे त्याच तपासण्यांना पुन्हा पैसे पडत नाहीत.