पोरीच्या हातांचा पंप

समुद्री मत्स्यालयाचा इतिहास शोधला की आधी फिलिप हेन्री गॉस भेटतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली उघडलेलं ‘फिश हाऊस’, 1854चं त्याचं पुस्तक, क्षार मिसळून समुद्राचं पाणी बनवायची त्याची कृती. ठीक. पण त्याच्याही आधी, 1846मध्ये, अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरची जिवंत प्रवाळं लंडनला नेली. वाटेत आपटू नयेत म्हणून चक्क सुई-दोऱ्याने स्पंजाला टाचून!

लंडनमध्ये रोज ताजं समुद्राचं पाणी कुठून आणणार? मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं, अर्धा-पाऊण तास. धार हवेतून पडली की पाण्यात ऑक्सिजन विरघळतो. ओतायचं काम घरातल्या लहान मोलकरणीचं. पुढे 1847मध्ये समुद्री शेवाळ आणलं, तेव्हा ऑक्सिजनचा भार त्याने उचलला.

माझ्या टेबलावरच्या 40 लिटरच्या टाकीत सध्या नुसते दगड आणि खारं पाणी आहे. अमोनिया पचवणारे जिवाणू रुजेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, मासा आणायचा नाही. पंप मात्र रात्रंदिवस घरघरतोय.

थिनबाईंनी लिहून ठेवलंय, पोरीला ते काम म्हणजे गंमतच वाटायची. त्या वाक्यात पोरीचं नाव नाही.