महाकायांची ओढ : दंतासुर ते घटोत्कच

१/ बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या कथेत योगेश्वरी देवी दंतासुराचा वध करते. असुर कितीही बलाढ्य असला तरी त्याचा अंत ठरलेला. मराठवाड्यातच या भयाची दुसरी बाजूही दिसते.

२/ सिल्लोड तालुक्यातील जंजाळ्याजवळ पाचव्या शतकातील बौद्ध लेणे आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते कोरविल्याचे तेथील शिलालेख सांगतो. लोक मात्र त्याला घटोत्कच लेणे म्हणतात.

३/ राक्षसाविषयी ही आपुलकी कशी? विचारवंत एडमंड बर्क यांनी १७५७ मध्ये मांडले, की धोका दूर असेल तर प्रचंड आणि भयावह गोष्टही मनाला सुखावते. कथेतला राक्षस असाच सुरक्षित अंतरावर असतो.

४/ महाभारत हे अंतर मिटवते. पांडवांना मारण्यासाठी आलेली हिडिंबा भीमाच्या धिप्पाड देहावर भाळते, भावाची आज्ञा मोडते आणि सुंदर मानवी रूप घेते. तिला भीमाचा सहवास लाभतो, पण पुत्रजन्मापर्यंतच.

५/ तो पुत्र घटोत्कच. अर्जुनासाठी राखलेली शक्ती कर्णाला त्याच्यावर सोडावी लागते. कोसळतानाही तो देह वाढवून कौरवसेना चिरडतो. पांडव शोक करतात. अर्जुन वाचला म्हणून कृष्ण आनंदतो.

६/ महाकायाचे बळ सर्वांना हवे असते, त्याला आपल्यात कायमचे स्थान द्यायला मात्र कोणी धजत नाही. हिडिंबा वनातच राहिली, घटोत्कच रणात पडला. जंजाळ्याच्या डोंगरात लोकांनी त्याच्या नावाला घर दिले.