जाकिटाच्या अस्तरातील खूण

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, सनदा आणि पत्रव्यवहार यांच्याकडे अभ्यासकाची दृष्टी प्रथम वळते. अंगावरच्या वस्त्राला या मालिकेत सहसा स्थान मिळत नाही. कारण वस्त्र विरते, फाटते आणि धन्याबरोबर नाहीसे होते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन वैमानिकांची चामडी जाकिटे मात्र याला अपवाद ठरली आहेत. ती जमविणाऱ्यांचा एक वर्ग अमेरिका, इंग्लंड, जपान आदी देशांत गेल्या काही दशकांत निर्माण झाला. जुनी वस्तू कपाटात आली म्हणजे त्यांतील पुष्कळांचे समाधान होते. काहींनी मात्र त्यापुढचे अवघड काम पत्करले आहे. जाकीट कोणाच्या अंगावर होते, तो कोठे लढला आणि पुढे त्याचे काय झाले, याचा पुराव्यानिशी शोध घेणे, हे ते काम होय.

हे जाकीट मूळचे सरकारी. विमान चालविणाऱ्याची बैठक उघडी असे त्या काळात बोचऱ्या वाऱ्यापासून रक्षण करण्यास चामड्यासारखे दुसरे साधन नव्हते. १९२७ सालच्या बटणांच्या ए-१ जाकिटाच्या जागी मे १९३१ मध्ये अमेरिकन लष्कराच्या हवाई शाखेने ए-२ हा नवा नमुना मान्य केला. घोड्याचे तपकिरी कातडे, आत पातळ अस्तर, समोर झिप, मनगटांशी व कमरेशी विणलेले लोकरी पट्टे आणि झाकणांचे दोन खिसे, असे त्याचे साधे रूप होते. पुढे बाँबफेकी विमाने २५,००० फुटांच्या उंचीवर जाऊ लागली. तेथे पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरे. त्या थंडीत हे जाकीट पुरेसे पडेना. त्यावर मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचे जाड कपडे चढवावे लागत. १९४३ मध्ये सेनापती हेन्री अर्नोल्ड यांनी चामडी जाकिटांची नवी मागणी बंद करून कापडी जाकिटांचा पुरस्कार केला. तथापि ज्यांना ए-२ मिळाले होते, त्यांनी ते जिवापाड जपले. खडतर शिक्षण पुरे करून आपण वैमानिकांच्या पंक्तीस बसलो, याची ती खूण होती.

जाकिटाच्या मानेशी शिवलेल्या चिठ्ठीवर ते सरकारी मालमत्ता असल्याचे छापलेले असे. वैमानिकांनी या मालमत्तेवर आपली मुद्रा उठविली. पाठीवर विमानाचे नाव रंगविले, त्याभोवती चित्रे काढली आणि प्रत्येक मोहिमेगणिक एक लहानसा बाँब रेखाटला. इंग्लंडमधून जर्मनीवर हल्ले करणाऱ्या आठव्या हवाई दलात आरंभी २५ मोहिमा पुऱ्या केल्या म्हणजे घरी परतण्याची मुभा मिळे. पुढे ही संख्या ३० व नंतर ३५ झाली. या एका दलातील २६,००० हून अधिक माणसे युद्धात मृत्यू पावली. म्हणून पाठीवरच्या बाँबांची रांग मोजताना पाहणाऱ्याचे मन जड होते. मात्र रांग अपुरी दिसली म्हणजे तो वैमानिक मेलाच, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कदाचित त्याची बदली झाली असेल, तो कैदेत पडला असेल, किंवा रंगविणारा पुन्हा भेटलाच नसेल. चित्र प्रश्न उपस्थित करते. उत्तर अन्यत्र शोधावे लागते.

काही जाकिटांचा संबंध थेट भारताशी पोहोचतो. क्लेअर चेनॉल्ट यांच्या ज्या अमेरिकन स्वयंसेवक पथकाने २० डिसेंबर १९४१ रोजी चीनमधील कुनमिंगच्या आकाशात पहिली लढाई दिली, त्यातील वैमानिकांजवळ चिनी ध्वज व चिनी लिपीतील मजकूर असलेला कापडी तुकडा असे. हा परदेशी मनुष्य चीनच्या मदतीस आला आहे, सैनिकांनी व प्रजाजनांनी त्याचे रक्षण करावे, असा त्याचा आशय होता. कित्येकांनी तो जाकिटाच्या पाठीवर शिवून घेतला. एप्रिल १९४२ पासून आसामातील छाबुआसारख्या तळांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून चीनला रसद नेली जाऊ लागली. युद्ध संपेपर्यंत सुमारे ६,५०,००० टन माल या वाटेने गेला; त्यापायी सुमारे ६०० विमाने आणि १,६०० हून अधिक माणसे गमवावी लागली. या आघाडीवरील सैनिकांच्या बाहीवर एक ढाल असे. तिच्यात चीनचा सूर्य व भारताचा तारा शेजारी शेजारी दिसतात. ही ढाल पुष्कळदा भारतातील कारागिरांनीच चामड्यातून कातरलेली वा जरीने भरलेली असे. अशा जाकिटाचा धनी शोधताना इंग्लंडमधील दलांच्या याद्या चाळण्यात अर्थ नसतो. शोधाची दिशा ती ढालच दाखविते.

जाकिटावरील लेखन प्रसंगी धन्यावरच उलटे. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठव्या हवाई दलातील एक तरुण अधिकारी जर्मनीत विमानातून उतरला आणि कैद झाला. त्याच्या पाठीवर ‘मर्डर इंक.’ ही अक्षरे होती. न्यू यॉर्कमधील भाडोत्री मारेकऱ्यांच्या टोळीस वृत्तपत्रांनी दिलेले हे नाव त्याच्या तुकडीतील एका विमानास थट्टेने ठेवलेले होते. जर्मन प्रचारकांनी त्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि अमेरिकन वैमानिक स्वतःस खुनी म्हणवितात, असा डंका पिटला. तो प्रचार होता हे खरे. परंतु त्या बाँबांखाली नगरे जळत होती व नागरिक मरत होते, हेही खरेच होते. जाकिटाचा इतिहास सांगणाऱ्याने पराक्रमाची बाजू सांगून दुसरी झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

आता शोधाची रीत पाहू. छातीवर नावाची चामडी पट्टी शाबूत असेल तर काम सोपे होते. बहुधा ती उखडलेली असते आणि टाक्यांची भोके तेवढी उरतात. मग अस्तर तपासावे लागते. अमेरिकन सैन्यात प्रत्येकाच्या कपड्यांवर परटाची खूण असे: आडनावाचे आद्याक्षर आणि लष्करी क्रमांकातील शेवटचे चार अंक. संपूर्ण क्रमांक हाती आला तर तो बरेच सांगतो. साध्या सैनिकाच्या आठ अंकी क्रमांकात पहिला अंक १ असल्यास तो स्वेच्छेने भरती झालेला, २ असल्यास नॅशनल गार्ड या राखीव सैन्यातून आलेला व ३ असल्यास सक्तीच्या भरतीने आलेला समजावा. दुसऱ्या अंकावरून देशाच्या कोणत्या लष्करी विभागात भरती झाली ते कळते. परंतु चारच अंक असतील तर एका आद्याक्षराच्या दहा हजार जोड्या संभवतात. आणि सैन्य तर लक्षावधींचे होते. एकच खूण अनेकांची असणार, हे उघड आहे.

म्हणून दुसरा पुरावा जोडावा लागतो. छातीवरील चिन्हावरून तुकडी ठरते, पाठीवरील नावावरून विमान ठरते. बी-१७ विमानात साधारणतः दहा जण असत. त्यांच्या याद्या, मोहिमांचे अहवाल आणि १९४३ पासून लिहिले जाऊ लागलेले बेपत्ता विमानांचे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. त्या दहांपैकी एकाचेच आद्याक्षर व अंक जुळले तर नाव सांगण्यास आधार मिळतो. येथेही सावधगिरी हवीच. एकाच नावाची अनेक विमाने होती आणि एका विमानातून अनेक चमू उडत असत.

या खटाटोपाचे महत्त्व एका दुर्घटनेमुळे फार वाढले आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई शहराजवळील लष्करी सेवापत्रांच्या कचेरीस आग लागली. १९१२ ते १९५९ या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी माणसांची सुमारे ८० टक्के कागदपत्रे तीत नष्ट झाली. एकूण १.६ ते १.८ कोटी सेवापत्रे गेली आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. महायुद्धातील हवाई दल लष्कराचाच भाग असल्याने असंख्य वैमानिकांची सेवापत्रेही गेली. तुकड्यांचे अहवाल निराळ्या ठिकाणी असल्याने वाचले. सुमारे ९० लाख भरतीच्या नोंदीही आज संगणकावर पाहता येतात. परंतु एखाद्या माणसाने नेमके कोठे, किती दिवस सेवा केली, हे सांगणारा कागद पुष्कळदा उरलेला नाही. तेथे जुन्या पेटीतील जाकीट साक्षीस उभे राहते.

साक्षीदार महत्त्वाचा झाला म्हणजे खोटे साक्षीदारही उभे राहतात. नाव सिद्ध झालेल्या जाकिटाची किंमत निनावी जाकिटाहून पुष्कळ अधिक येते. त्या लोभाने कोऱ्या जुन्या जाकिटावर नवे चित्र रंगविले जाते वा दुसऱ्याची पट्टी शिवली जाते. जाणकार अशा वेळी चामड्याच्या सुरकुत्या पाहतो. जुना रंग चामड्याबरोबरच घडीवर तडकलेला असतो. नवा रंग आधीच्या तड्यांत उतरून बसलेला दिसतो. ही लबाडी गिऱ्हाइकाच्या खिशापुरती राहत नाही. ज्याने ते जाकीट खरोखर वापरले त्याचे नाव कायमचे पुसले जाते, आणि ज्याचे नाव चिकटविले त्याच्या चरित्रात न घडलेली गोष्ट घुसते. ज्या काळाची सेवापत्रे जळून गेली, त्या काळाच्या बाबतीत अशी भर पुढे खोडून काढणे जवळजवळ अशक्य होते.

ओहायो राज्यातील डेटन येथील हवाई दलाच्या संग्रहालयात अशी जाकिटे धन्यांच्या परिचयासह मांडलेली आहेत. खाजगी संग्राहकांतही शोधाअंती कुटुंबाचा पत्ता लागल्यावर जाकीट त्यांच्या स्वाधीन करणारे लोक आहेत. त्या युद्धातील वैमानिक आता जवळजवळ सर्व काळाच्या पडद्याआड गेले आहेत. त्यांना विचारून खात्री करून घेण्याचे दिवस संपले. यापुढे चामडे, शाई, टाके आणि उरलेले कागद यांच्याच आधाराने निर्णय करावयाचा आहे. पुरावा पुरता असेल तेथे नाव निःशंक लिहावे. तो अपुरा असेल तेथे ‘धनी अज्ञात’ एवढेच लिहून थांबावे, म्हणजे उद्या एखादा नवा कागद सापडला तर खऱ्या नावासाठी जागा मोकळी असेल.