पहिले साहस कसे जोखावे? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आरंभकथांचा इतिहास

१/९
१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. त्याचे कर्ते दोन: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पेटीत नियमांच्या तीन पुस्तिका होत्या. पण त्या वाचून नवख्याला खेळ सुरू करता येणे दुरापास्तच होते.

२/९
कारण त्या युद्धखेळ जाणणाऱ्यांसाठी लिहिल्या होत्या. या खेळात ठरलेल्या चाली नाहीत, शेवटी विजेताही नाही. एक सूत्रधार जग उभे करतो, इतर जण पात्रे होऊन निर्णय घेतात, आणि जिथे शंका तिथे फासे. जाणता सूत्रधार नसेल तिथे पेटी मिटलेलीच राहण्याचा धोका होता. नवख्यांसाठीच्या पहिल्या साहसाचे महत्त्व इथे आहे.

३/९
१९७७ साली जे. एरिक होम्स या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापकांनी सोप्या केलेल्या नियमांचा ‘बेसिक सेट’ आला. पुढे त्याच पेटीत माइक कार यांचे ‘इन सर्च ऑफ द अननोन’ हे साहस घालण्यात आले. एक योद्धा आणि एक जादूगार यांनी बांधलेला, आता धनी नसलेला भुयारी गड. दालनांचे वर्णन तयार. राक्षस आणि खजिना मात्र सूत्रधाराने यादीतून निवडून भरायचा.

४/९
गुण स्पष्ट आहे: सूत्रधार वाचून नव्हे, करून शिकतो. उणीवही तितकीच स्पष्ट आहे. कोणता प्राणी तिथे का राहतो, याची संगती नवख्यालाच लावावी लागते.

५/९
त्याची जागा लवकरच गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ने घेतली. एका बाजूला तटबंदीचा किल्ला: विसावा, बाजार, खऱ्याखोट्या अफवा. दुसऱ्या बाजूला दरीतल्या गुहा, प्रत्येकीत वेगळी टोळी. टोळ्यांत आपसांत वैर. पैसे घेऊन कधी या, कधी त्या टोळीसाठी लढणारा एक भाडोत्री ऑगरही तिथे आहे. म्हणजे तलवारीखेरीज फितुरी, तह आणि माघार हेही मार्ग खुले. पहिल्या साहसाने शिकवावे ते हेच.

६/९
पण त्याच गुहांत लढवय्यांसोबत टोळ्यांच्या स्त्रिया आणि पिल्लेही नोंदलेली आहेत. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न खेळणाऱ्यांपुढे उभा राहतोच. सरहद्दीपलीकडचे सगळे मारण्याजोगे, या गृहीतकात वसाहतवादी दृष्टी दिसते, अशी टीका पुढे झाली. आरंभकथा नियमांबरोबर शत्रू कोणाला म्हणावे हेही नकळत शिकवते. परीक्षणात हा मुद्दा वगळता येत नाही.

७/९
१९८३ साली फ्रँक मेंट्झर यांच्या लाल पेटीने वेगळी वाट धरली. सूत्रधाराचीही गरज नाही. एकट्याने वाचत खेळायचे. वाटेत अलीना ही साध्वी भेटते, मदत करते आणि बार्गल या दुष्ट जादूगाराच्या हातून मरते. नियम शिकता शिकता वाचकाला सूडाचे कारणही मिळते. मात्र अलीनाला वाचवण्याची मुभा त्याला नाही. निवडीच्या खेळाचा पहिला धडा इथे निवडीविना येतो.

८/९
२०१४ च्या ‘स्टार्टर सेट’मधील ‘लॉस्ट माइन ऑफ फॅनडेल्व्हर’मध्ये पाच तयार पात्रे आहेत. गाडी पोहोचवण्याचे साधे काम, आणि वाटेतच चार गॉब्लिनांचा छापा. नव्या पात्रांना तो जड जाऊ शकतो. पण पुस्तिका सूत्रधाराला सांगते: खेळाडू हरले तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून, लुटून निघून जातात. पराभवानंतरही कथा चालू राहते.

९/९
या चार साहसांवरून चार कसोट्या निघतात. सूत्रधाराला हाताला धरून शिकवले जाते का? खेळाडूच्या निवडीने खरोखर काही बदलते का? हरल्यावर पुढे वाट उरते का? आणि समोरच्याला मारण्याआधी त्याच्याशी बोलता येते का? चारही कसोट्यांवर पूर्ण उतरणारे यांत एकही नाही. तरीही ‘बॉर्डरलँड्स’ आजही खेळले जाते, कारण त्यातला किल्ला आणि गुहा यांच्यामधली वाट खेळाडूंनी स्वतः ठरवायची असते.